तो मीच होतो

टीव्हीवरच्या मालिका बघण्यात मी आयुष्यातला किती वेळ घालवला याचा हिशोब बायकोने एकदा मांडून दाखवला होता. आकडा इथे देत नाही. असो. पण त्या सगळ्या तासांमधून एका प्रकारच्या प्रसंगाची मला चटक लागलीये, आणि त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस डोक्यात आहे.

प्रसंग असा. अद्भुतरम्य मालिका असते. नायक चांगला असतो, शूर असतो, तुम्हाआम्हाला आवडेल असाच असतो. मग काहीतरी बिघडतं. एखादं यंत्र, एखादा मंत्र, एखादं स्वप्न. आणि दार उघडून तोच नायक आत येतो. तोच चेहरा, तोच आवाज, फक्त डोळ्यांत काहीतरी वेगळं. आणि मग दोघं समोरासमोर.

आपल्याकडच्या सिनेमात डबल रोल काही कमी नाहीत म्हणा. पण तिथे दुसरा हा खरंच दुसरा असतो. जत्रेत हरवलेला जुळा भाऊ, नाहीतर योगायोगाने सारखा दिसणारा गुंड. अगदी घोटाळा होऊ नये म्हणून त्याच्या गालावर तीळ. म्हणजे वाईटपणा वेगळ्या आईच्या पोटी नाहीतर वेगळ्या वस्तीत वाढलेला, आपल्या नायकाचा त्याच्याशी काही संबंध नाही. मी म्हणतोय त्या मालिकांत ही सोय नसते. तिथे समोर उभा असलेला माणूस तुम्हीच असता. तीळसुद्धा त्याच जागी.

यातला सगळ्यात जुना आणि अजूनही सगळ्यात चांगला प्रसंग म्हणजे 'स्टार ट्रेक'चा 'द एनिमी विदिन' हा भाग. 6 ऑक्टोबर 1966 ला अमेरिकेत दाखवला गेला. लेखक रिचर्ड मॅथेसन. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' लागायचं तेव्हा मी ते टक लावून बघायचो, पण हा भाग तेव्हा पाहिल्याचं काही आठवत नाही. तो पाहिला खूप नंतर, 2011 मध्ये. कुठे आणि कसा ते पुढे सांगतो.

गोष्ट थोडक्यात अशी. माणसांना ग्रहावरून यानात क्षणात आणणारं यंत्र बिघडतं आणि कॅप्टन कर्कचे दोन कर्क होतात. एक सज्जन, मवाळ, सगळ्यांचा विचार करणारा. दुसरा दारू ढोसणारा, गुरकावणारा, हवं ते ओरबाडून घेणारा. हा दुसरा कर्क थेट जॅनिस रँड या आपल्या हाताखालच्या अधिकारी मुलीच्या खोलीत शिरतो आणि तिच्यावर जबरदस्ती करू बघतो. ती त्याच्या तोंडावर ओरखडे काढते, आरडाओरडा करते, कशीबशी सुटते.

इकडे खाली ग्रहावर सुलू आणि त्याचे साथीदार अडकलेले. यंत्र दुरुस्त झाल्याशिवाय त्यांना वर आणता येत नाही आणि तिथली रात्र म्हणजे रक्त गोठवणारी थंडी. त्यांचा जीव वाचवायचा तर झटपट निर्णय हवेत. पण सज्जन कर्कला निर्णयच घेता येत नाही! घटकाघटकाने तो जास्त जास्त ढिला पडत जातो. स्पॉक निदान करतो की कॅप्टनची हुकूम देण्याची ताकद त्या वाईट अर्ध्याकडे गेली आहे. काबूत ठेवलेला वाईटपणा हेच त्याचं बळ होतं. आणि तो वाईट अर्धा? तो भित्रा निघतो. इतका, की आजारी पडल्यावर मरणाच्या भीतीने विव्हळायला लागतो आणि सज्जन कर्कला त्याचा हात धरून बसावं लागतं.

शेवटी दोघांना पुन्हा एक करायचं ठरतं. धोका आहे, कारण आधी एका प्राण्यावर हा प्रयोग केलेला असतो आणि तो मेलेला असतो. सज्जन कर्कला तो दुसरा नकोच असतो, किळस येते त्याची. पण त्याच्याशिवाय जगताही येणार नाही हे कळलेलं असतं. मग तो त्या दुसऱ्याला अक्षरशः मिठीत धरून यंत्रावर उभा राहतो. बाहेर येतो तो एकच कर्क. पहिला हुकूम देतो तो खालच्या माणसांना वर आणायचा. टाळ्या.

या भागावर विचार करणारे बहुतेक लोक इथे थांबतात. आपल्यातला अंधार नाकारू नका, त्याला जवळ करा, तीच तुमची शक्ती आहे वगैरे. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात शोभेल असं तात्पर्य. मलाही ते आवडलं असतं. पण मी हा भाग पाहिला तेव्हा माझी अवस्था काही वेगळी होती.

2010 च्या पावसाळ्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समज मात्र शाबूत होती. सगळं कळायचं, बोलता काही यायचं नाही. आयुष्यभर व्याकरण शिकवलेला माणूस, आणि तोंडातून फक्त एक 'आं' निघायचा. रात्रीची पाळी माझ्याकडे होती. दिवसा नोकरी, रात्री दर दोन तासांनी उठून कूस बदलणं, चादर बदलणं. सुरुवातीला माणूस फार चांगला असतो हो. सहा महिने झाले की कसोटी लागते.

2011 च्या फेब्रुवारीतली गोष्ट. पहाटेचे तीन वाजले असतील. त्या रात्री तिसऱ्यांदा चादर बदलत होतो. बाबांनी डाव्या हाताने माझं मनगट घट्ट धरलं होतं, भीतीने धरत असत तसं. मी तो हात झटकला आणि म्हणालो, "एकदाचे जा ना बाबा. म्हणजे आम्ही तरी सुटू."

आवाज चढवला नव्हता. अगदी शांतपणे म्हणालो. त्यांनी हात छातीवर घेतला आणि भिंतीकडे मान वळवली. मी चादर नीट खोचली, दिवा घालवला आणि झोपलो. झोप लागली, हेही सांगायला हवं.

ताई तेव्हा मदतीला आलेली होती, शेजारच्या खोलीत झोपली होती. सकाळी चहा घेताना हळूच म्हणाली, "रात्री काय बोललास रे त्यांना?" मी म्हणालो, "अगं झोपेत होतो. तो मी नव्हेच!" पणशीकरांच्या थाटात म्हणालो. ती हसली. मीही हसलो. खरं सांगायचं तर हसून दोघांनाही बरं वाटलं. मधलं दार उघडं होतं आणि बाबा जागे होते.

'तो मी नव्हेच' ठाऊक नसेल असा मराठी माणूस विरळा. आचार्य अत्र्यांचं 1962 चं नाटक. प्रभाकर पणशीकर फिरत्या रंगमंचावर एकामागून एक सोंगं घेऊन येत. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे कोर्टात उभा राहतो आणि समोर एकेक साक्षीदार आला की आपण तो नव्हेच असं ठासून सांगतो. वेगवेगळ्या नावांनी बायकांना फसवलेला माणूस, आणि प्रत्येक नावापासून हात झटकून मोकळा. गंमत बघा, तिकडच्या मालिकांत एका माणसाचे दोन होतात आणि दोघांचं काय करायचं हा प्रश्न पडतो. आपल्या नाटकात माणूस एकच असतो आणि तो आपण अनेक असल्याचा फायदा घेतो. आपण प्रेक्षागृहात लखोबाला हसतो, आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या कपाबरोबर तेच वाक्य वापरतो.

नाटकाचं जाऊ द्या, आपली रोजची भाषाच बघा. 'तोंडातून निघून गेलं.' 'हात उचलला गेला.' 'रागाच्या भरात बोललं गेलं.' 'माझं मलाच कळलं नाही.' 'अंगात आलं होतं नुसतं.' यातल्या एकाही वाक्यात 'मी' कर्ता नाही. वाक्य आपोआप तोंडातून निघतं, हात आपोआप उठतो, आणि आपण बिचारे बाजूला उभे. बाबांनी वर्गात हे कर्मणी आणि भावे प्रयोग किती वेळा शिकवले असतील! त्या सकाळी त्यांच्या मुलाने ते घरातच वापरून दाखवले.

तर त्याच वर्षी जूनमध्ये, रात्रीच्या पाळीत जागं राहायला म्हणून मित्राने दिलेल्या 'स्टार ट्रेक'च्या डीव्हीडी बाबांच्या खाटेशेजारी बसून लॅपटॉपवर बघत होतो. कानात हेडफोन. 'द एनिमी विदिन' लागला आणि मी त्या मिठीपाशी थांबलोच नाही. मला दिसत राहिली ती जॅनिस रँड.

नीट पाहिलंत तर कळेल. हल्ल्यानंतर तिला कॅप्टनसमोर, स्पॉकसमोर आणि डॉक्टरसमोर बसवून विचारलं जातं. ती रडत सांगते. कॅप्टनला अडचणीत आणायचं नव्हतं, आपण हे कोणाला सांगितलंही नसतं, असंही सांगते. समोर सज्जन कर्क बसलेला. तो तिला काय म्हणतो? की तो मी नव्हतो. आपल्या चेहऱ्यावर ओरखडे नाहीत हे दाखवतो. त्याच्या दृष्टीने खरंच आहे ते, तो तेव्हा आपल्या खोलीत होता. पुढे साऱ्या यानाला सांगितलं जातं की कॅप्टनसारखा दिसणारा एक तोतया शिरला आहे. लोकांचा कॅप्टनवरचा विश्वास उडू नये म्हणून. आणि सगळं निस्तरल्यावर, दोघं एक झाल्यावरसुद्धा, कर्क म्हणतो की तोतया त्याच्या जागी परत गेला, आता त्याला विसरून जाऊ. रँड काही बोलायला पुढे येते, तर तिचे आभार मानून विषय संपवला जातो. वर स्पॉक तिला विचारतो की त्या तोतयात काही रोचक गुण होते, नाही का! रँडचं काम करणाऱ्या ग्रेस ली व्हिटनी यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात या वाक्यावर उघड नाराजी व्यक्त केली. वाजवी होती ती.

म्हणजे बघा. कर्कने स्वतःमधल्या राक्षसाला जवळ केलं, मिठी मारली, पुन्हा आख्खा झाला. पण हे सगळं त्याचं त्याच्याशी. जिच्या खोलीत तो शिरला होता तिच्यासाठी गोष्ट तोतयावरच संपली. आख्खा झालेल्या कर्ककडे आता ती आठवण असणार, ते हात त्याचेच होते हे त्याला ठाऊक असणार. तरी तो तिला 'तो मीच होतो' म्हणत नाही.

मला वाटतं, या प्रकारच्या सगळ्या गोष्टींत हीच खोट आहे. आपल्याला वाटतं सामना दोघांचा आहे, मी आणि माझा तो दुसरा. पण तिथे कायम एक तिसरं माणूस असतं, ज्याला त्या दुसऱ्याने दुखावलेलं असतं. कॅमेरा त्याच्याकडे वळतच नाही.

'बफी द व्हॅम्पायर स्लेयर'चं उदाहरण घ्या. 1999 च्या फेब्रुवारीत आलेला 'डॉपलगँगलँड' हा भाग. विलो ही गरीब, हुशार, सगळ्यांची कामं ऐकणारी मुलगी. दुसऱ्या एका जगातली विलो, जी रक्तपिपासू पिशाच झालेली आहे, ती या जगात येऊन पडते. आपली विलो तिला बघून हादरते. बफी तिची समजूत घालते की पिशाच झाल्यावरच्या स्वभावाचा मूळ माणसाशी काही संबंध नसतो. एंजल, जो स्वतः पिशाच आहे, तो 'खरं तर...' म्हणून तोंड उघडतो आणि सगळ्यांचे चेहरे बघून गप्प बसतो. हसायला येतं तिथे. पण अख्ख्या मालिकेतलं ते सगळ्यात खरं वाक्य आहे, आणि ते अर्धवट सोडलेलं आहे. विलो दयाळू, ती आपल्या दुसरीला मारू देत नाही, तिला तिच्या जगात परत पाठवते. पाठवणी झाली, प्रश्न मिटला.

मिटला कसला. 2002 च्या मे महिन्यात, तिच्या प्रिय टाराला गोळी लागून मरण आल्यावर, हीच विलो सूडाने पेटून एका माणसाचे हालहाल करून त्याला मारते. आणि मारण्याआधी कंटाळल्याचे जे दोन शब्द उच्चारते ते त्या पिशाच विलोचे, जसेच्या तसे. या वेळी कुठलं दुसरं जग नाही. परत पाठवायला कोणी नाही. ही तीच. त्यानंतर ती काही आपोआप बरी होत नाही. दूर जाऊन तिला शिकावं लागतं, मग परत येऊन ज्यांना तिने जखमी केलं त्या मित्रांच्या डोळ्याला डोळा द्यावा लागतो. पिशाच विलोला मिठी मारून निरोप देण्यापेक्षा हे कितीतरी अवघड होतं, आणि म्हणून मला ते जास्त पटतं.

आणि जो सामनाच टाळतो त्याचं काय होतं ते 'ट्विन पीक्स'ने दाखवलं. 10 जून 1991 च्या शेवटच्या भागात कूपर हा आपला लाडका, कॉफीवेडा एफबीआय अधिकारी लाल पडद्यांच्या त्या खोल्यांमध्ये स्वतःच्याच दुष्ट रूपाला बघतो आणि पळ काढतो. ते रूप त्याच्या मागे धावतं, त्याला गाठतं, आणि बाहेर येतं ते तेच. 2017 मध्ये मालिका परत आली तेव्हा कळलं की खरा कूपर पंचवीस वर्षं आतच अडकून पडला होता आणि त्याचा चेहरा लावून दुसराच कोणी जगात हिंडत होता, लोकांची आयुष्यं नासवत. पळून जाण्याची किंमत कूपरने मोजलीच, पण त्याच्यापेक्षा जास्त इतरांनी मोजली.

'एनिमी विदिन' म्हणजे आतला शत्रू. आपल्याला ही कल्पना काही नवी नाही, षड्रिपू आपण लहानपणापासून पाठ केलेत. पण तिथेही तेच होतं की काय अशी मला शंका येते. रिपू म्हटलं की तो कोणीतरी परका झाला. क्रोध आला, त्याने माझ्याकडून करवून घेतलं, मी त्याच्याशी लढतोय, शाबास मी. ज्याच्यावर तो क्रोध निघाला तो बसलाय कोपऱ्यात.

त्या रात्री लॅपटॉप मिटला. बाबा जागे होते. फेब्रुवारीपासून चार महिने गेले होते. या चार महिन्यांत मी त्यांच्याशी फार चांगला वागलो होतो, अगदी जपून. पाय चेपत होतो, वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवत होतो. भरपाई चालली होती. पण त्या दिवसानंतर रात्री त्यांनी माझं मनगट पुन्हा धरलं नव्हतं. कूस बदलताना ते खाटेची कड धरायचे. माझ्या लक्षात आलं होतं, आणि लक्षात आलं नाही असं मी वागत होतो.

तेव्हाही बोललो नाही. हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून आलो, हातपाय धुतले आणि त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसलो. म्हटलं, "बाबा, फेब्रुवारीत एका रात्री मी तुम्हाला एकदाचे जा म्हणालो होतो. थकलो होतो, पण झोपेत नव्हतो. मीच म्हणालो. आणि तेव्हा मला तसंच वाटत होतं."

हे शेवटचं वाक्य म्हणायचं ठरवलं नव्हतं. पण ते न म्हणता बाकीचं म्हणण्यात अर्थ नव्हता.

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मला वाटलं रडतील, किंवा मी रडेन. सिनेमात तसंच होतं. त्यांनी डावा हात उचलला आणि टीव्हीकडे बोट दाखवलं. सातच्या बातम्या लागायची वेळ झाली होती. मी टीव्ही लावला. आम्ही दोघांनी बातम्या बघितल्या.

त्यांनी माफ केलं का, मला माहीत नाही. ते विचारायची सोय नव्हती आणि मला वाटतं तो माझा हक्कही नव्हता. पुढच्या वर्षी, 2012 च्या मार्चमध्ये ते गेले. मधल्या काळात मी त्यांच्यावर चिडलोच नाही असं नाही. चिडलो. एकदोनदा आवाजही चढला. फरक एवढाच की त्यानंतर थोड्या वेळाने मी जाऊन सांगायचो की मघाशी मी चिडलो. भावे प्रयोग बंद केला होता. आणि हो, पावसाळ्यानंतर कधीतरी एका रात्री चादर बदलताना त्यांनी माझं मनगट धरलं. हाताला लागलं म्हणून धरलं असेल, की आठवणीने, कुणास ठाऊक. मी हलवला नाही हात.

म्हणून आजही कुठल्या मालिकेत नायकाचा तो दुसरा दार उघडून आत आला की मी सावरून बसतो. दोघांची मारामारी होते, मिठी होते, पाठवणी होते. लेखकांनी त्यात जीव ओतलेला असतो, नटाने दुहेरी मेहनत घेतलेली असते, मजा येतेच. पण माझी नजर पडद्याच्या कडेला असते. तिथे कोणीतरी ओरखडा आलेलं, हात झटकलेलं माणूस बसलंय का, आणि नायक शेवटी त्याच्याकडे जातोय का, एवढंच बघायचं असतं.

अजून तरी फारसे जाताना दिसलेले नाहीत.

असो. बायको विचारतेय, आज कुठली मालिका. तिला काय सांगणार!